एका सिस्टरमागे किती पेशंट? पाच आणि सहाच्या भांडणाची गोष्ट

(ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' गाळलेत, बाकी फारसं बदललेलं नाही.)

आजची गोष्ट एका गव्हर्नरची आणि त्याच्या मागे लागलेल्या नर्सेसची आहे. गव्हर्नर तुमच्या ओळखीचा आहे.

डिसेंबर २००४. कॅलिफोर्नियातलं लाँग बीच शहर. महिलांची एक मोठी परिषद भरली होती, हजारो बायका समोर बसल्या होत्या आणि स्टेजवर बोलत होता राज्याचा गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर. हो, तोच. टर्मिनेटर. मधेच प्रेक्षकांतून काही नर्सेस उठल्या, त्यांनी बॅनर उलगडलं आणि घोषणा सुरू केल्या. अर्नोल्डने बाकीच्यांना सांगितलं, त्या आवाजांकडे लक्ष देऊ नका, ही हितसंबंधी मंडळी आहेत, मी सारखा त्यांच्या ढुंगणावर लाथ घालतो म्हणून मी त्यांना आवडत नाही.

समोर हजारो बायका, विषय बायकांचा, आणि ज्या पेशात बहुतेक बायकाच आहेत त्यांच्याबद्दल हे वाक्य. पीआरवाल्यांनी त्या दिवशी डोकं धरलं असणार.

भांडण कशावरून होतं? एका आकड्यावरून. साध्या वॉर्डमध्ये, म्हणजे जिथे ऑपरेशन झालेले किंवा औषधोपचार चाललेले पेशंट असतात तिथे, एका नर्सकडे जास्तीत जास्त सहा पेशंट असावेत की पाच. एका पेशंटचा फरक. त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि गव्हर्नरला माघार घ्यावी लागली. एवढं काय आहे त्या एका पेशंटमध्ये, ते आज बघू.

थोडं मागे जाऊ. १९८३ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअरने, म्हणजे वयस्कर लोकांच्या सरकारी विम्याने, हॉस्पिटलांना पैसे द्यायची पद्धत बदलली. आधी हॉस्पिटल जेवढा खर्च दाखवेल तेवढा मिळायचा. आता प्रत्येक आजाराला ठरलेली रक्कम. हर्नियाचं ऑपरेशन, एवढे पैसे. पेशंट तीन दिवस राहो नाहीतर आठ, आकडा तोच. मग साहजिकच हॉस्पिटलं पेशंटला लवकर घरी पाठवायला लागली. त्यात नव्वदच्या दशकात खासगी विमा कंपन्यांनीही दर घासून घ्यायला सुरुवात केली, आणि कॅलिफोर्निया त्यात सगळ्यात पुढे होतं.

याचा एक परिणाम चटकन दिसत नाही. आधी वॉर्डमध्ये दहा पेशंट असले तर त्यातले तीन-चार बरे होत आलेले असायचे. उठून फिरणारे, पेपर वाचणारे, स्वतःच्या हाताने जेवणारे. नर्सला त्यांच्याकडे फार बघावं लागत नसे. आता ते घरी गेले आणि त्यांच्या खाटांवर नुकतं ऑपरेशन झालेले आले. खाटा तेवढ्याच, पण प्रत्येक खाटेवरचं काम वाढलं. वर भरती-डिस्चार्जचा रगाडा. एक पेशंट घरी पाठवायचा म्हणजे त्याला औषधं समजावून सांगायची, कागद करायचे, आणि तासाभरात त्याच खाटेवर नवा माणूस, त्याची सगळी माहिती पुन्हा पहिल्यापासून.

आणि नेमक्या याच काळात हॉस्पिटलांनी नर्सेस कमी केल्या. कारण सरळ आहे. हॉस्पिटलचा सगळ्यात मोठा खर्च पगारांचा, आणि पगारदारांत सगळ्यात मोठा गट नर्सेसचा. सल्लागार कंपन्या आल्या, त्यांनी नर्सच्या कामाचे तुकडे पाडून दाखवले. बीपी घेणं, अंग पुसणं, पेशंटला कुशीवर वळवणं, ही कामं म्हणे थोडंसं प्रशिक्षण दिलेला मदतनीस कमी पगारात करू शकतो. कागदावर पटतं. पण कुशीवर वळवताना पाठीवरचा लाल झालेला भाग बघणारी, तो बेडसोर होऊ घातलाय हे ओळखणारी जी नजर असते तिचा रकाना सल्लागाराच्या तक्त्यात नव्हता.

कॅलिफोर्नियात एक नियम मात्र आधीपासून होता. आयसीयूमध्ये एका नर्समागे जास्तीत जास्त दोन पेशंट, हे तिथे १९७० च्या दशकापासून बंधनकारक होतं. कॅलिफोर्निया नर्सेस असोसिएशन ही तिथली नर्सेसची संघटना. तिचं म्हणणं होतं, आयसीयूत चालतं ते सगळ्या वॉर्डांत का नको? १९९६ मध्ये त्यांचा प्रस्ताव मतदानाला गेला (तिथे लोक थेट कायद्यावर मत देतात), तो पडला. १९९८ मध्ये विधेयक मंजूर झालं, तर गव्हर्नर पीट विल्सनने नकाराधिकार वापरला. शेवटी ऑक्टोबर १९९९ मध्ये नवा गव्हर्नर ग्रे डेव्हिसने सही केली आणि अमेरिकेतला असा पहिला कायदा झाला. विधेयक मांडलं होतं शीला क्यूल यांनी. गंमत म्हणजे याही मूळच्या अभिनेत्री, लहानपणी टीव्ही मालिकांत गाजलेल्या, पुढे वकील झाल्या आणि मग राजकारणात आल्या. म्हणजे कायदा आणला एका नटीने आणि पुढे अडवला एका नटाने. कॅलिफोर्निया आहे ते.

कायद्यात आकडे नव्हते. 'आरोग्य खात्याने ठरवावेत' एवढंच होतं. मग सुरू झाला बाजार. हॉस्पिटलांची संघटना म्हणाली, साध्या वॉर्डला एका नर्समागे दहा पेशंट. नर्सेसची संघटना म्हणाली, तीन. दुसरी एक कामगार संघटना म्हणाली, चार. भाजी मंडईत होते तशी घासाघीस. २००२ च्या जानेवारीत सरकारने जाहीर केलं: सुरुवातीला सहा, नंतर पाच. लहान मुलांच्या वॉर्डला चार, इमर्जन्सीला चार, बाळंतपणाच्या खोलीत दोन. आणि हे आकडे म्हणजे कमीत कमी एवढं तरी हवंच. पेशंट जास्त आजारी असतील तर हॉस्पिटलने याहून जास्त नर्सेस द्यायच्या.

सहा कुठून आले, पाच कुठून आले, याला तेव्हा शास्त्रीय आधार फारसा नव्हता. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आधार त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला, आणि तो आला देशाच्या दुसऱ्या टोकाकडून, पेनसिल्व्हेनियातून.

लिंडा एकेन. मूळच्या नर्स, नंतर समाजशास्त्रात डॉक्टरेट, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक. त्यांच्या गटाने त्या राज्यातली १६८ हॉस्पिटलं घेतली, तिथल्या १०,१८४ नर्सेसना विचारलं की तुमच्या मागच्या पाळीत तुमच्याकडे किती पेशंट होते, आणि त्याच हॉस्पिटलांतल्या ऑपरेशन झालेल्या २,३२,३४२ पेशंटचं पुढे काय झालं ते तपासलं. उत्तर असं आलं: नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशननंतर तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. (संख्याशास्त्रवाले इथे 'ऑड्स' म्हणतील, आपण शक्यता म्हणू.)

आता ७ टक्के ऐकून दचकू नका, पण दुर्लक्षही करू नका. शंभरातले सात जास्त मेले असा याचा अर्थ नाही. त्या अभ्यासात एकूण पेशंटपैकी २ टक्के दगावले होते. एकेन यांच्या हिशोबाने नर्समागे चारऐवजी आठ पेशंट असले तर हजार पेशंटमागे साधारण पाच मृत्यू जास्त. हजारात पाच म्हणजे एका वॉर्डला एका महिन्यात कळणारही नाही. कुठल्याच नर्सला, कुठल्याच डॉक्टरला आपल्या डोळ्यांनी ते दिसणार नाही. एवढी वर्षं हा प्रश्न दबून राहिला त्याचं हेही एक कारण असावं, असं मला वाटतं. आग लागली, पूल पडला तर बातमी होते. हे मृत्यू एकेक करून, वेगवेगळ्या खाटांवर, 'गुंतागुंत झाली' या नावाखाली होतात.

त्या 'गुंतागुंती'बद्दल जरा बोलू, कारण सगळ्या गोष्टीचं मर्म तिथे आहे. १९९२ मध्ये जेफ्री सिल्बर या डॉक्टर-संशोधकाने एक मोजमाप मांडलं. ऑपरेशननंतर गुंतागुंत कुठेही होऊ शकते, चांगल्या हॉस्पिटलातही. रक्तस्राव, न्यूमोनिया, जंतुसंसर्ग. ती होणं बऱ्याच अंशी पेशंटच्या वयावर, त्याच्या आधीच्या आजारांवर अवलंबून. पण गुंतागुंत झाल्यावर पेशंट वाचला की गेला, हे हॉस्पिटलवर अवलंबून. म्हणून त्याने मोजलं: गुंतागुंत झालेल्यांपैकी किती जणांना वाचवता आलं नाही.

डोळ्यासमोर आणा. पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट, दुसरी रात्र. संध्याकाळी श्वास मिनिटाला सोळा, आता बावीस. नाडी जरा वाढलेली. लघवी कमी झालीये. माणूस उगाच चुळबुळ करतोय, 'कसंतरी होतंय' म्हणतोय. बीपी अजून ठीक आहे. यातली एकही गोष्ट एकेकटी घाबरवणारी नाही. पण तीन तासांपूर्वी ज्याने याच पेशंटला बघितलंय त्याला कळतं की काहीतरी बिघडतंय. आणि रात्री दोन वाजता हे बघणारं कोण असतं? सर्जन घरी झोपलाय. निवासी डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर. नर्स असते. ती चार पेशंटमध्ये असली तर पुन्हा एकदा येऊन बघून जाते. आठमध्ये असली तर सहा वाजताच्या राउंडला बघते. मधल्या चार तासांत जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला असतो.

एकेन यांच्या अभ्यासात नर्समागचा पेशंट वाढला तसं हे 'वाचवता न येणं'ही त्याच प्रमाणात वाढलं. नर्सेस थकून जाण्याची, कामाला विटण्याची शक्यता तर एका पेशंटमागे २३ टक्क्यांनी वाढली.

माझी मावसबहीण स्टाफ नर्स आहे. कुठल्या गावात, कुठे, ते सोडा. तिला मी हा अभ्यास सांगितला तर ती हसली. म्हणाली, "चार आणि आठ? आमच्याकडे नाईटला मी एकटी नि पेशंट तीसच्या वर. अरे, आम्ही पेशंट बघत नाही, आम्ही वेळा बघतो. दहाचं इंजेक्शन, बाराचं इंजेक्शन. मधे कुणी ओरडलं तर तिकडे जायचं. जो ओरडत नाही त्याची भीती वाटते."

आपल्याकडे ही पोकळी कोण भरतं, हे तुम्हाला माहीतच आहे. नातेवाईक. सलाईनची बाटली संपत आली का हे बघत बसलेला भाऊ, बेडपॅन देणारी सून, "सिस्टर, जरा बघा ना" म्हणत काउंटरपर्यंत चार चकरा मारणारा मुलगा. तो तीन दिवस कामावर गेलेला नसतो, त्याची मजुरी बुडालेली असते, आणि ती हॉस्पिटलच्या कुठल्याच वहीत चढत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पैशाकडे आपण येणारच आहोत.

तर कॅलिफोर्निया. १ जानेवारी २००४ ला सहाचा नियम लागू झाला. हॉस्पिटलांना सगळ्यात झोंबलं ते 'सदासर्वकाळ' हे कलम. म्हणजे नर्स जेवायला गेली, बाथरूमला गेली, तरी तिच्या पेशंटकडे दुसरी नर्स हवी, आणि त्या दुसरीचाही आकडा ओलांडता कामा नये. हॉस्पिटलं कोर्टात गेली, हरली. मला हे कलम सगळ्यात आवडलं. कारण आकडा पाळीच्या सुरुवातीला फळ्यावर लिहिण्यापुरता ठेवायचा की रात्री अडीच वाजताही खरा ठेवायचा, हा फरक त्या एका शब्दात होता.

दरम्यान ऑक्टोबर २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लोकांनी ग्रे डेव्हिसला मुदतीआधीच परत बोलावून अर्नोल्डला निवडलं होतं. २००५ च्या जानेवारीपासून सहाचे पाच व्हायचे होते. नोव्हेंबर २००४ मध्ये अर्नोल्डच्या सरकारने आणीबाणीचा हुकूम काढून ते २००८ पर्यंत पुढे ढकललं. कारण दिलं, नर्सेस मिळत नाहीत, हॉस्पिटलं बंद पडतायत. हे कारण अगदीच खोटं नव्हतं. नर्सेसचा तुटवडा खरा होता. पण नर्सेसचं उत्तर असं की तुटवडा आहे तो नर्सेस हॉस्पिटल सोडून जातात म्हणून, आणि त्या जातात कारण एकेकीवर इतके पेशंट लादले जातात.

मग लाँग बीच झालं. त्यानंतर नर्सेसनी त्याची पाठ सोडली नाही. तो जिथे निधी गोळा करायला जाईल तिथे, सिनेमाच्या कार्यक्रमाला जाईल तिथे, बाहेर नर्सेस उभ्या. मार्च २००५ मध्ये कोर्टाने त्याचा हुकूम बेकायदा ठरवला. पाचचा नियम लागू झाला. अर्नोल्डने अपील केलं. त्याच वर्षी त्याने खास निवडणूक घेऊन आपले चार प्रस्ताव लोकांसमोर ठेवले. शिक्षक, अग्निशमन दलाचे जवान आणि नर्सेस एकत्र आले, आणि ८ नोव्हेंबर २००५ ला चारही प्रस्ताव आपटले. काही दिवसांतच त्याने नर्सेसविरुद्धचं अपील सोडून दिलं. आणि हेही सांगायला हवं: त्याच अर्नोल्डच्या सरकारने त्याच वर्षी नर्सिंगच्या शिक्षणाच्या जागा वाढवायला पैसे घातले. पुढे नर्सेस मिळाल्या, त्यात त्याचाही वाटा आहे.

मग फायदा झाला का? उत्तर गुळगुळीत नाही. सुरुवातीच्या वर्षांत ज्यांनी पेशंट पडण्याचे आणि बेडसोरचे आकडे तपासले त्यांना म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. काही हॉस्पिटलांचा नफा घटला. काही ठिकाणी नर्सेस वाढवताना मदतनीस कमी केले, म्हणजे नर्स पुन्हा चादरी बदलायला. दुसरीकडे, हॉस्पिटलं स्वस्तातल्या, कमी शिकलेल्या नर्सेस भरून आकडा पुरा करतील अशी जी भीती होती ती खरी ठरली नाही. २०१० मध्ये एकेन यांच्या गटाने कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांची तुलना केली. कॅलिफोर्नियाइतक्या नर्सेस असत्या तर न्यू जर्सीत ऑपरेशननंतरचे मृत्यू १३.९ टक्क्यांनी आणि पेनसिल्व्हेनियात १०.६ टक्क्यांनी कमी झाले असते, असा त्यांचा हिशोब निघाला.

इथे तुमच्यातला कोणी हुशार श्रोता म्हणेल, थांब. ज्या हॉस्पिटलात नर्सेस जास्त तिथे पैसा जास्त, मशिनं चांगली, डॉक्टर चांगले. मग श्रेय नर्सेसचं कशावरून? शंका एकदम बरोबर आहे. तिला उत्तर २०११ मध्ये जॅक नीडलमन यांच्या गटाने दिलं, आणि पद्धत फार साधी होती. त्यांनी एकच मोठं हॉस्पिटल घेतलं. तेच डॉक्टर, तीच मशिनं, तोच पैसा. त्या हॉस्पिटलने प्रत्येक पाळीला किती नर्सेस हव्यात ते स्वतःच ठरवलेलं होतं. त्यांनी ४३ वॉर्डांतल्या पावणेदोन लाखांहून जास्त पाळ्या तपासल्या. पेशंटच्या वाट्याला नर्सेस कमी असलेली एकेक पाळी आली की त्याच्या मृत्यूचा धोका २ टक्क्यांनी वाढत होता. भरती-डिस्चार्जची धांदल असलेल्या प्रत्येक पाळीमागे ४ टक्क्यांनी. ती धांदल आठवते ना, १९८३ नंतर वाढलेली?

आता पैसे.

पहिलं उदाहरण इंग्लंडचं, कारण तिथे उलटं केलं गेलं. स्टॅफर्ड नावाचं गाव, तिथलं सरकारी हॉस्पिटल चालवणारा मिड स्टॅफर्डशायर ट्रस्ट. २००६-०७ मध्ये या ट्रस्टने एका वर्षात एक कोटी पौंड वाचवायचं ठरवलं. त्यासाठी दीडशेच्या आसपास पदं कमी करायची ठरली, आणि आधीच नर्सेस अपुऱ्या होत्या. ताळेबंद चांगला दिसला, ट्रस्टला वरचा दर्जाही मिळाला. पुढे चौकश्यांतून बाहेर आलं ते असं: पाणी हाताला पोहोचणार नाही इतकं लांब ठेवलेलं, घाण झालेल्या चादरींवर तासन्‌तास पडलेले म्हातारे पेशंट, इमर्जन्सीत कोण जास्त आजारी ते ठरवायला रिसेप्शनवरचा माणूस. नातेवाईक वर्षानुवर्षं तक्रारी करत होते. अखेर रॉबर्ट फ्रान्सिस या वकिलांच्या अध्यक्षतेखाली जाहीर चौकशी झाली, १३९ दिवस सुनावणी चालली, फेब्रुवारी २०१३ मध्ये २९० शिफारशींचा अहवाल आला. त्या एका चौकशीचा खर्चच सुमारे एक कोटी तीस लाख पौंड. वाचवायचे होते एक कोटी.

हे टोकाचं उदाहरण झालं. रोजचा हिशोब कसा असतो? नर्स ठेवली तर तिचा पगार दर महिन्याला समोर दिसतो. तिने जो न्यूमोनिया वेळेत ओळखला त्याचं बिल कधी येतच नाही. न आलेलं बिल कोण मोजणार? शिवाय पगार हॉस्पिटलने द्यायचा आणि वाचलेले पैसे जातात विमा कंपनीला, सरकारला किंवा पेशंटच्या घरी. एकाने पेरायचं आणि दुसऱ्याने कापायचं. नीडलमन यांनी २००६ मध्ये हाही हिशोब मांडला होता. एकूण तास तेवढेच ठेवून त्यात पूर्ण शिकलेल्या नर्सेसचा वाटा वाढवला तर हॉस्पिटलचा खर्च उलट कमी होतो. नर्सेसचे तासच वाढवले तर मृत्यू आणि हॉस्पिटलमधले दिवस घटतात, पण हॉस्पिटलचा निव्वळ खर्च वाढतो, दीड टक्का किंवा त्याहून कमी. म्हणजे फुकट नाही. जे लोक 'नर्सेस वाढवा, पैसे आपोआप वाचतील' असं सरसकट सांगतात त्यांनी हा अभ्यास नीट वाचावा.

अमेरिकेत २००८ मध्ये मेडिकेअरने जरा चाप लावला. हॉस्पिटलात आल्यावर मोठा बेडसोर झाला, पेशंट पडून हाड मोडलं, तर त्याचे वाढीव पैसे आम्ही देणार नाही. आता चुकीचं बिल थोडंफार हॉस्पिटलच्याच गळ्यात पडायला लागलं.

पण सगळ्यात स्वच्छ हिशोब ऑस्ट्रेलियातून आला. क्वीन्सलँड राज्याने जुलै २०१६ पासून ठरावीक सरकारी हॉस्पिटलांत दिवसा एका नर्समागे सरासरी चार आणि रात्री सात पेशंट असा नियम लावला. तो सगळीकडे एकदम लावला नाही, त्यामुळे संशोधकांना आयती तुलना मिळाली: नियम लागलेली २७ हॉस्पिटलं आणि न लागलेली २८, आधी आणि नंतर. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. नियम लागलेल्या हॉस्पिटलांत १४५ मृत्यू टळले, २५५ पेशंट पुन्हा भरती व्हायचे वाचले, आणि हॉस्पिटलमधले २९,२२२ दिवस कमी झाले. जादा नर्सेस लागल्या १६७. त्यांचा खर्च सुमारे ३ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. वाचले सुमारे ६ कोटी ९० लाख. तिथे हे जमलं याचं कारण माझ्या मते असं की पगार देणारं आणि दिवसांचा खर्च सोसणारं खिसं एकच होतं, सरकारचं. पेरणारा आणि कापणारा एकच.

तरीही सगळीकडे लोकांना हे पटलं असं नाही. २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये असाच प्रस्ताव मतदानाला गेला आणि साधारण सत्तर टक्के लोकांनी तो नाकारला. हॉस्पिटलांनी जोरदार प्रचार केला होता हे खरं, पण राज्याच्याच एका आयोगाने वर्षाला ६७ कोटी ते ९५ कोटी डॉलर खर्च येईल असं सांगितलं होतं, आणि नर्सेसमध्येही दोन गट होते. एका गटाचं म्हणणं, कायद्यातला आकडा वॉर्डातला पेशंट ओळखत नाही; आज पाच हलके असतील, उद्या तीन जड. या म्हणण्यात तथ्य आहे. पण लवचीकता हातात असताना नव्वदच्या दशकातल्या हॉस्पिटलांनी ती कुठल्या दिशेला वाकवली हेही आपण मघाशी बघितलं.

आता आपल्याकडे. भारतात १९४६ मध्ये भोर समितीने मोजलं तेव्हा अख्ख्या अखंड देशात साधारण सात हजार नर्सेस होत्या, म्हणजे ४३ हजार माणसांमागे एक. तिथून आपण खूप पुढे आलोय. भारतीय परिचर्या परिषदेचा निकषही आहे: शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या हॉस्पिटलात पाचमागे एक, आणि रजेवर जाणाऱ्यांसाठी वर तीस टक्के. पाच! जो आकडा मिळवायला कॅलिफोर्नियाच्या नर्सेस गव्हर्नरच्या मागे वर्षभर फिरल्या तो आपल्याकडे कागदावर आहे. मावसबहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. तिने विचारलं, "मग तो पाळला नाही तर कोण विचारतं?"

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डनंतर एक छोटा बदल झाला. २०१४ पासून हॉस्पिटलांनी ठरलेल्या नर्सेस किती आणि प्रत्यक्ष हजर किती हे दर महिन्याला जाहीर करायचं, आणि वॉर्डाच्या दाराशी फळ्यावरही लिहायचं. आजच्या पाळीला हव्यात पाच, आहेत चार. पेशंटला भेटायला आलेला कोणीही माणूस ते वाचू शकतो.

तुमच्यापैकी कोणी नर्सिंग शिकत असेल, नाईट ड्यूटी करत असेल, तर तुमच्या वॉर्डात काल रात्री हे दोन आकडे काय होते ते मला व्हॉइस नोटने पाठवा. हॉस्पिटलचं नाव सांगू नका, तुमचंही नको. जिल्हा आणि आकडे पुरे. पुढच्या भागात ते वाचून दाखवीन. चला, भेटू.